विहिरीचे पाणी, कुंडाचे पाणी आणि प्रथम वर्षाचे अनुमापन

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत प्रथमच पाऊल ठेवणाऱ्या विद्यार्थ्याची रसायनशास्त्राशी खरी ओळख होते ती बहुधा ब्युरेटच्या द्वारे. ब्युरेटमध्ये एक विद्राव, चंबूत दुसरा, त्यात दर्शकाचे दोन-तीन थेंब. रंग पालटला की तोटी बंद करावयाची, आकडा वहीत टिपावयाचा आणि असे तीन आकडे जुळले की प्रयोग पुरा झाला असे समजावयाचे. पुढे हाच विद्यार्थी पदव्युत्तर वर्गात येऊन प्रथम वर्षाच्या वर्गापुढे निर्देशक म्हणून उभा राहतो, तेव्हा त्याच्या ध्यानी येऊ लागते की, आकडे परस्परांशी जुळणे आणि उत्तर बरोबर असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. तिन्ही आकडे ०.१ मिलिलिटरच्या आत जुळावेत आणि तरीही उत्तर चार-पाच टक्क्यांनी चुकलेले असावे, हे सहज संभवते.

असे का होते, हे प्रयोगशाळेच्या फळीवरील बाटल्यांवरून सहसा कळत नाही. त्या बाटल्यांतील विद्राव पद्धतीला अनुकूल असेच तयार केलेले असतात. पद्धत ज्या गोष्टी गृहीत धरते त्या सर्व तेथे आधीच सिद्ध असतात. म्हणून त्या गृहीत आहेत याची जाणीवही होत नाही. निसर्गातील पाणी मात्र कोणी पद्धतीसाठी बनविलेले नसते. प्रस्तुत लेखात आपल्या परिसरातील दोन प्रकारचे पाणी घेऊन प्रथम वर्षाची तीन परिचित अनुमापने, म्हणजे अल्कता, दुष्फेनता व क्लोराइड यांची मापने, पुन्हा तपासून पाहावयाची आहेत. प्रत्येक पद्धत कोणत्या पाण्यापाशी अडखळते आणि का, हे पाहिले म्हणजे त्या पद्धतीमागील संकल्पना आपोआप उघड होते, असे दाखविण्याचा हेतू आहे.

१. दोन पाणी

ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यात, अंबाडीच्या परिसरात दिघाशी हे गाव आहे. कोकणातील इतर गावांप्रमाणे येथेही जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मुबलक पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात विहिरींचे पाणी खाली जाते. पायाखालचा खडक दख्खनच्या पठाराचाच काळा बेसाल्ट. तेथून काही किलोमीटरांवर, त्याच तालुक्यात, तानसा नदीच्या काठी अकलोली, वज्रेश्वरी व गणेशपुरी ही गरम पाण्याच्या कुंडांची प्रसिद्ध स्थाने आहेत. तेथील पाणी ५० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तपमानाने जमिनीतून वर येते. म्हणजे एकाच खडकाच्या प्रदेशात, एकाच दिवसाच्या फेरीत, अगदी भिन्न स्वभावाचे दोन पाणी अभ्यासकास मिळू शकतात.

विहिरीच्या पाण्याची घडण अशी. पावसाचे पाणी मातीतून मुरताना मुळांच्या श्वसनाने व सेंद्रिय द्रव्याच्या कुजण्याने निर्माण झालेला कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेते. हे मंद आम्लधर्मी पाणी बेसाल्टातील फेल्स्पार व पायरोक्सीन या खनिजांवर हळूहळू क्रिया करते. खनिजांतील ॲल्युमिनियम व बरेचसे सिलिकॉन मृद्खनिजांच्या रूपाने मागे राहतात. कॅल्शियम, मॅग्नेशियम व थोडे सोडियम पाण्यात उतरतात आणि त्यांच्या जोडीस बायकार्बोनेट आयन निर्माण होतात. म्हणून बेसाल्टातील उथळ भूजल हे सामान्यतः कॅल्शियम-मॅग्नेशियम-बायकार्बोनेट प्रकारचे असते.

कुंडाच्या पाण्याची गोष्ट वेगळी. पश्चिम किनाऱ्यालगतच्या उष्ण झऱ्यांचे पाणी खोलवर जाऊन, तापून, भेगांच्या वाटेने वर येते. त्यात सोडियम, कॅल्शियम व क्लोराइड हे आयन प्रमुख असतात. बायकार्बोनेट अल्प असते. क्लोराइडाच्या उगमाविषयी भूशास्त्रज्ञांनी सागरी पाण्याचा अंश, खडकांशी दीर्घकाळ संपर्क अशी निरनिराळी स्पष्टीकरणे मांडलेली आहेत. आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाची बाब एकच: उच्च तपमानाला पाण्यातील मॅग्नेशियम मृद्खनिजांत व तत्सम खनिजांत अडकून राहते, त्यामुळे या पाण्यात कॅल्शियम पुष्कळ असले तरी मॅग्नेशियम अत्यल्प असते. या एका गोष्टीचा परिणाम पुढे दिसेल.

नमुना घेण्याविषयी दोन सूचना आवश्यक आहेत. बाटली काठोकाठ भरून बूच घट्ट लावावे. हवेची पोकळी राहिल्यास कार्बन डायऑक्साइडाचे प्रमाण बदलते आणि बायकार्बोनेट असलेल्या पाण्यातून कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडू शकते. दुसरे असे की, कुंडाचे पाणी निवल्याशिवाय पिपेटने मोजू नये. ५० अंशांस पाण्याची घनता सुमारे ०.९८८ असते, तर २७ अंशांस ०.९९६५. गरम असतानाच २५ मिलिलिटर मोजून घेतल्यास प्रत्यक्षात सुमारे ०.२ मिलिलिटरइतके पाणी कमी घेतले जाते. ब्युरेटच्या लहानात लहान भागाच्या ही दुप्पट चूक झाली, आणि ती अनुमापनास आरंभ होण्यापूर्वीच.

पुढील विवेचनात जे आकडे येतील ते गणित स्पष्ट व्हावे म्हणून मानलेले आहेत. ते अमुक एका विहिरीचे वा कुंडाचे मोजमाप नव्हे. मात्र त्यांचा परस्परांशी असलेला संबंध या दोन प्रकारच्या पाण्यांच्या स्वभावास धरून आहे.

२. अल्कता

पाण्याची अल्कता म्हणजे आम्लाचे उदासिनीकरण करण्याची त्याची क्षमता. आपल्या दोन्ही पाण्यांत ती मुख्यतः बायकार्बोनेटामुळे येते. ५० मिलिलिटर नमुना घेऊन ०.०२ प्रसामान्य सल्फ्युरिक आम्लाने अनुमापन केले, तर आम्लाचा प्रत्येक मिलिलिटर १ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटाशी सममूल्य असतो. विहिरीच्या पाण्यास १०.९ मिलिलिटर आम्ल लागले असे मानू. अल्कता लिटरमागे २१८ मिलिग्रॅम झाली. कुंडाच्या पाण्यास १.२ मिलिलिटर लागले. अल्कता २४ मिलिग्रॅम.

दर्शक कोणता घ्यावा? फिनॉल्फ्थॅलीन घातल्यास पाणी बहुधा रंगहीनच राहते, कारण त्याचा रंग पीएच ८.३ च्या वर उमटू लागतो. अननुभवी विद्यार्थी येथे ‘अल्कता शून्य’ असे लिहून मोकळा होतो. वस्तुतः या निरीक्षणाचा अर्थ एवढाच की पाण्यात कार्बोनेट जवळजवळ नाही, जे आहे ते बायकार्बोनेट. त्याच्या मापनास मेथिल ऑरेंज हा रूढ दर्शक होय.

आता सममूल्य बिंदू कोठे असतो ते पाहू. त्या क्षणी सर्व बायकार्बोनेटाचे कार्बॉनिक आम्ल झालेले असते, आणि विद्रावाचे पीएच मूल्य हे त्या दुर्बल आम्लाच्या संहतीवरून ठरते. कार्बॉनिक आम्लाचा पहिला पीके ६.३५ धरून गणित केल्यास विहिरीच्या पाण्यासाठी हे मूल्य सुमारे ४.४ येते आणि कुंडाच्या पाण्यासाठी सुमारे ४.८. मेथिल ऑरेंजचा पिवळा रंग ४.४ च्या सुमारास पालटू लागतो. म्हणजे विहिरीच्या पाण्यात रंगाचा पहिला पालट आणि सममूल्य बिंदू एकत्र येतात. कुंडाच्या पाण्यात मात्र सममूल्य बिंदू उलटून गेल्यावरही पिवळा रंग कायम राहतो आणि सुमारे ०.१ मिलिलिटर आम्ल अधिक पडते. १.२ मिलिलिटरच्या वाचनात ०.१ मिलिलिटर म्हणजे आठ टक्के. तीन वेळा प्रयोग केला तर तिन्ही वेळा तेवढेच अधिक पडेल आणि आकडे सुरेख जुळतील!

यावरून अंत्यबिंदू आणि सममूल्य बिंदू यांतील भेद विद्यार्थ्यास प्रत्यक्ष दिसतो. पहिला दर्शकाचा गुण आहे, दुसरा विक्रियेचा. ते दोन्ही एकत्र आणणे हे रसायनज्ञाचे काम, आणि पाण्याची संहती बदलली की ते पुन्हा करावे लागते. अल्प अल्कतेच्या पाण्यासाठी ४.७ च्या आसपास पालटणारा ब्रोमोक्रेसॉल ग्रीन वापरणे किंवा पीएच मापकाने वक्र काढणे हा त्यावरील उपाय होय.

३. दुष्फेनता

ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही ते दुष्फेन. कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे आयन साबणाशी संयोग पावून न विरघळणारा चोथा तयार करतात. फेसासाठी साबण उरतच नाही. स्वयंपाकघरातही या पाण्याची परीक्षा होते. तुरीची डाळ लवकर शिजत नाही, कारण कॅल्शियम डाळीच्या पेशींना जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनाशी बांधले जाऊन त्यास अधिक घट्ट करते. एकोणिसाव्या शतकात टॉमस क्लार्क याने साबणाचाच विद्राव वापरून दुष्फेनता मोजण्याची पद्धत रूढ केली होती. झुरिच येथील श्वार्झेनबाख याने १९४० नंतरच्या दशकात ईडीटीए या संयुगाने अनुमापन करण्याची रीत प्रस्थापित केली आणि साबणाची पद्धत मागे पडली.

ईडीटीएचा एक आयन धातूच्या एका आयनास सहा ठिकाणी धरून ठेवतो. हे धरणे किती घट्ट आहे हे स्थैर्यांकावरून कळते: त्याचा लघुगणक कॅल्शियमासाठी १०.७ व मॅग्नेशियमासाठी ८.७ आहे. परंतु हे आकडे ईडीटीएचे सर्व हायड्रोजन निघून गेले असता लागू पडतात. पीएच ७ ला अशा पूर्ण मुक्त आयनाचा अंश दहा हजारांत पाचाइतकाच असतो, पीएच १० ला तो सुमारे एकतृतीयांश होतो. म्हणून अमोनिया व अमोनियम क्लोराइड यांच्या उभयप्रतिरोधी विद्रावाने पीएच १० वर स्थिर ठेवावे लागते. त्याहून फार वर, १२ च्या पुढे, गेल्यास मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड अवक्षेपित होते. ‘बफर २ मिलिलिटर घाला’ या एका ओळीत एवढा विचार सामावलेला आहे.

५० मिलिलिटर नमुन्यास ०.०१ मोलर ईडीटीए विहिरीच्या पाण्यासाठी १०.४ मिलिलिटर व कुंडाच्या पाण्यासाठी १४.० मिलिलिटर लागावयास हवे असे मानू. येथेही १ मिलिलिटर म्हणजे १ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट; म्हणून दुष्फेनता अनुक्रमे २०८ व २८० मिलिग्रॅम प्रति लिटर. ‘हवे असे’ म्हणण्याचे कारण असे की, या प्रयोगात दोन्ही पाणी आपापल्या परीने विद्यार्थ्यास चकवितात.

प्रथम कुंडाचे पाणी. दर्शक आहे एरिओक्रोम ब्लॅक टी. तो धातूशी बांधला असता मद्यासारखा लाल, मोकळा असता निळा. ईडीटीएने दर्शकापासून धातू हिरावून घेतला की लालाचा निळा होतो. हे नेमके सममूल्य बिंदूस घडावयाचे असेल तर दर्शकाची धातूवरील पकड ईडीटीएपेक्षा कमी, पण फार कमी नव्हे, अशी असली पाहिजे. पीएच १० ला या दर्शकाच्या मॅग्नेशियम जटिलाचा परिणामी स्थैर्यांक सुमारे दहाचा ५.५ वा घात इतका येतो; म्हणजे मुक्त मॅग्नेशियमाची संहती दहाचा उणे ५.५ वा घात एवढी उतरली की रंग पालटतो. सममूल्य बिंदूस मॅग्नेशियमाची संहती जवळजवळ तेवढीच असते. योग उत्तम जुळतो.

कॅल्शियमावर मात्र या दर्शकाची पकड सैल आहे. परिणामी स्थैर्यांक दहाचा सुमारे ३.९ वा घात. सममूल्य बिंदूस मुक्त कॅल्शियम दहाचा उणे ६.४ वा घात इतके कमी असावयास हवे. पण रंग अर्धा पालटतो तो उणे ३.९ लाच. त्या वेळी पाण्यातील चार ते पाच टक्के कॅल्शियम अद्याप अनुमापित व्हावयाचे असते. शिवाय पालट एकदम होत नाही. आरंभापासूनच लालीत जांभळेपणा मिसळत जातो आणि नेमके कोठे थांबावे हे कळत नाही. १४.० ऐवजी १३.४ मिलिलिटरच्या आसपास विद्यार्थी थांबतो आणि दोष आपल्या डोळ्यांस देतो.

विहिरीच्या पाण्यात ही अडचण जाणवत नाही, कारण तेथे बेसाल्टाने मॅग्नेशियम पुरविलेले असते. ईडीटीए प्रथम कॅल्शियमास धरतो, शेवटी मॅग्नेशियमास. आणि रंगाचा पालट मॅग्नेशियमाच्या हाती असल्याने तो ठसठशीत होतो. ज्याचे नावही पद्धतीच्या कृतीत नाही असे एक मूलद्रव्य वर्षानुवर्षे प्रयोग यशस्वी करीत आले आहे, हे कुंडाच्या पाण्यात ते नसल्यामुळेच कळते. उपायही याच विचारातून निघतो: बफरमध्ये मॅग्नेशियम-ईडीटीए जटिलाची अल्प मात्रा मिसळावयाची. नमुन्यातील कॅल्शियम त्या जटिलातून मॅग्नेशियम मोकळे करते, ते दर्शकास लाल रंग देते आणि अखेरीस पुन्हा ईडीटीएकडे जाते. जटिलात दोन्ही घटक समप्रमाणात असल्याने हिशेबात काहीच भर पडत नाही.

आता विहिरीचे पाणी. त्याची अडचण नेमकी उलट्या दिशेची आहे. त्यात बायकार्बोनेट भरपूर. पीएच १० ला त्याचा मोठा भाग कार्बोनेट होतो, आणि कॅल्शियम कार्बोनेटाचा सूक्ष्म अवक्षेप पडू लागतो. अवक्षेपात अडकलेले कॅल्शियम ईडीटीएला सावकाश मिळते. निळा झालेला विद्राव थोड्या वेळाने पुन्हा लालसर होतो. घाई करणारा विद्यार्थी १०.४ ऐवजी ९.८ लिहितो. म्हणून बफर घातल्यापासून पाच मिनिटांच्या आत अनुमापन पुरे करावे. किंवा नमुना प्रथम किंचित आम्ल करून, उकळून कार्बन डायऑक्साइड घालवून द्यावा व मग बफर घालावा.

०.६ मिलिलिटरचा हा फरक क्षुल्लक नव्हे. भारतीय मानक १०५००, २०१२ च्या आवृत्तीनुसार, पिण्याच्या पाण्यातील दुष्फेनतेची स्वीकार्य मर्यादा २०० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे; दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तर ६०० पर्यंत चालते. १०.४ म्हणजे २०८, मर्यादेच्या वर, ९.८ म्हणजे १९६, मर्यादेच्या आत. पाणी तेच, बाटली तीच. निर्णय मात्र बदलला, आणि तो अवक्षेपाच्या काही मिनिटांनी बदलला.

४. क्लोराइड

तिसरे अनुमापन मोर याच्या १८५६ मधील पद्धतीने करावयाचे. नमुन्यात पोटॅशियम क्रोमेट घालून सिल्व्हर नायट्रेट सोडीत गेले असता प्रथम सिल्व्हर क्लोराइडाचा पांढरा अवक्षेप पडतो. क्लोराइड संपले की सिल्व्हर क्रोमेटाची विटकरी छटा उमटते. क्रम असा का, हे विद्राव्यता गुणाकारावरून कळते. सिल्व्हर क्लोराइडाच्या सममूल्य बिंदूस चांदीच्या आयनाची संहती लिटरमागे सुमारे १.३ × १०⁻⁵ मोल असते. नेमक्या त्याच क्षणी क्रोमेटाचा अवक्षेप सुरू व्हावा यासाठी क्रोमेटाची संहती ०.००६ मोलरच्या सुमारास हवी. पण एवढ्या क्रोमेटाचा गडद पिवळा रंग विटकरी छटा दडवून टाकतो. म्हणून क्रोमेट मुद्दाम कमी घेतात आणि त्यापायी थोडे अधिक सिल्व्हर नायट्रेट लागते ते सोसतात. ऊर्ध्वपातित पाण्यावर तोच प्रयोग करून ही अधिक मात्रा वजा करावयाची असते. पाण्याचे पीएच मूल्य ६.५ च्या खाली गेल्यास क्रोमेटाचे डायक्रोमेट होऊ लागते, आणि १० च्या वर चांदीचे ऑक्साइड पडते. आपले दोन्ही पाणी या मर्यादांत बसतात.

०.०१४१ प्रसामान्य सिल्व्हर नायट्रेटाचा १ मिलिलिटर ०.५ मिलिग्रॅम क्लोराइडाशी सममूल्य असतो. विहिरीच्या ५० मिलिलिटर पाण्यास २.७ मिलिलिटर लागले व कोऱ्या प्रयोगास ०.२ लागले असे मानू. क्लोराइड २५ मिलिग्रॅम प्रति लिटर. कुंडाचे पाणी १० मिलिलिटरच घेऊन ऊर्ध्वपातित पाण्याने ५० पर्यंत वाढवावे, १२.६ मिलिलिटर लागले तर ०.२ वजा जाता क्लोराइड ६२० मिलिग्रॅम. कोरा प्रयोग टाळल्यास कुंडाच्या पाण्यात चूक होते दीड टक्क्याच्या आसपास, विहिरीच्या पाण्यात मात्र आठ टक्क्यांची. अल्कतेच्या प्रयोगात कुंडाचे पाणी नाजूक होते, येथे विहिरीचे आहे. चुकीचे निरपेक्ष मान तेच राहिले तरी तिचे महत्त्व मोजावयाच्या राशीवर अवलंबून असते, हे सूत्र पाठ करण्यापेक्षा असे अनुभवलेले बरे. शिल्लक विद्राव मोरीत ओतू नये; क्रोमेट विषारी आहे, आणि चांदी परत मिळविता येते.

५. तीन आकड्यांचे एकत्र वाचन

आतापर्यंत प्रत्येक अनुमापनाने एकेक आकडा दिला. ते एका परिमाणात आणून शेजारी ठेवले म्हणजे त्यांतून अधिक काही वाचता येते. अल्कता व दुष्फेनता यांना ५० ने आणि क्लोराइडास ३५.४५ ने भागले असता लिटरमागील मिलिसममूल्ये मिळतात.

विहिरीचे पाणी: दुष्फेनता ४.१६, अल्कता ४.३६, क्लोराइड ०.७१.
कुंडाचे पाणी: दुष्फेनता ५.६०, अल्कता ०.४८, क्लोराइड १७.४९.

विहिरीच्या पाण्यात अल्कता दुष्फेनतेहून किंचित अधिक आहे. म्हणजे कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या सर्व आयनांना पुरून उरेल इतके बायकार्बोनेट आहे. सारी दुष्फेनता अस्थायी. मातीतील कार्बन डायऑक्साइडाने खडक झिजविला, या घटनेचीच ही नोंद होय. कुंडाच्या पाण्यात अल्कता दुष्फेनतेच्या दशांशाहूनही कमी. जवळजवळ सर्व दुष्फेनता स्थायी, क्लोराइडाच्या जोडीची. त्या पाण्याची जडणघडण मातीच्या श्वासाने झालेली नाही.

पाण्यात धन व ऋण भार समान असलेच पाहिजेत. कुंडाच्या पाण्यात ऋण आयनांची बेरीज १७.९७, त्यातून कॅल्शियम-मॅग्नेशियमाचे ५.६० वजा केले की १२.३७ उरतात. ते मुख्यतः सोडियमाचे, म्हणजे लिटरमागे सुमारे २८५ मिलिग्रॅम; सल्फेट मोजलेले नसल्याने हा आकडा किमान समजावा. सोडियमासाठी एकही प्रयोग न करता सोडियमाचा अंदाज आला. विहिरीच्या पाण्यात याच रीतीने ०.९१ मिलिसममूल्य, म्हणजे सुमारे २१ मिलिग्रॅम येतात.

येथे एका गैरसमजाचे निरसन आवश्यक आहे. दुष्फेनता ‘कॅल्शियम कार्बोनेटाच्या रूपात’ सांगतात म्हणून पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट आहे असे विद्यार्थी समजतात. कुंडाच्या पाण्यात २८० मिलिग्रॅम दुष्फेनता आहे, पण कार्बोनेट जवळजवळ नाही. कॅल्शियम कार्बोनेट हे तेथे केवळ मोजण्याचे माप आहे.

हा निष्कर्ष कागदावरच ठेवण्याचे कारण नाही. प्रत्येक पाण्याचे २५० मिलिलिटर अर्धा तास उकळावे, निवल्यावर ऊर्ध्वपातित पाण्याने घनफळ पूर्ववत करावे, गाळावे आणि पुन्हा ईडीटीएने अनुमापन करावे. विहिरीच्या पाण्याची दुष्फेनता पुष्कळ घटलेली आढळते आणि भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो. घरोघरी पाणी तापविण्याच्या पातेल्यात बसतो तोच. कुंडाच्या पाण्यात फारसा फरक पडत नाही. मात्र विहिरीच्या पाण्याचीही दुष्फेनता शून्यावर येत नाही, कारण मॅग्नेशियम कार्बोनेट कॅल्शियम कार्बोनेटापेक्षा अधिक विद्राव्य आहे आणि बरेचसे मॅग्नेशियम मागे राहते. ‘अस्थायी’ हा शब्द अल्कतेच्या हिशेबाने ठरविलेला. उकळण्याने किती जाते हे विद्राव्यतेने ठरते. दोहोंतील अंतर विद्यार्थ्यासच मोजू द्यावे.

६. निर्देशकांस विनंती

हा सर्व खटाटोप प्रथम वर्षाच्या नियत प्रयोगांत नवे काही भरण्यासाठी नाही. ब्युरेट तीच, विद्राव तेच, तासिकाही तेवढ्याच. बदलावयाचे ते एवढेच की, अज्ञात विद्रावाच्या जागी एखादे वेळी गावच्या विहिरीचे पाणी ठेवावे, आणि आकडे जुळल्यावर विद्यार्थ्यास एक प्रश्न विचारावा: ‘या पाण्यात या पद्धतीला काय अडते?’

या प्रश्नास आज विशेष महत्त्व आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनच्या अंतर्गत गावोगावी स्त्रियांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देऊन त्यांच्या हाती तपासणी संच देण्यात आले. त्या संचांत दुष्फेनता, अल्कता व क्लोराइड यांच्या परीक्षा असतात, आणि दुष्फेनतेची परीक्षा म्हणजे थेंब मोजून केलेले रंगपालटाचे अनुमापनच. ब्युरेटऐवजी थेंब आले, तरी रसायनशास्त्र तेच राहते: बफर घालून रेंगाळल्यास विहिरीचे पाणी कमी दुष्फेन दिसेल; संचाच्या विद्रावात मॅग्नेशियम नसल्यास कुंडाच्या पाण्याचा रंग जांभळ्यावरच घुटमळेल. थेंब मोजणाऱ्या बाईंच्या शेजारी प्राध्यापक उभा नसतो. उद्या तिला शिकविण्यास जाणारा मात्र बहुधा आपलाच विद्यार्थी असेल. रंग पालटेपर्यंत थेंब टाका, एवढेच त्याला येत असेल तर तो तेवढेच शिकवील. पाणी जंतुरहित आहे की नाही हे या तिन्ही परीक्षांपैकी एकही सांगत नाही, ही मर्यादाही त्याने स्पष्ट सांगावयास हवी.

आपल्या प्रयोगवहीत ‘निष्कर्ष’ या शीर्षकाखाली एक ओळ लिहिण्याचा परिपाठ आहे: ‘दिलेल्या नमुन्याची दुष्फेनता अमुक’. तिच्याखाली आणखी एक ओळ लिहिण्याची सवय लावावी: हा आकडा कोणत्या गृहीतावर उभा आहे, आणि ते गृहीत या पाण्यात खरे आहे हे कशावरून. ती दुसरी ओळ ज्यास लिहिता येईल त्याच्या पहिल्या ओळीवर गावाने विसंबण्यास हरकत नाही.